स्टेअरिंगचा पोटखराबा

दुकानदाराकडे दोन गोष्टी साचत जातात. न खपलेला माल आणि किस्से. माल निदान दिवाळीच्या आधी निम्म्या भावात काढून टाकता येतो. किश्श्यांचं तसं नाही. ते कुणी विकत घेत नाही, चोरून नेत नाही, आणि एक सांगायला घ्यावा तर मागचे चार ‘मी पण, मी पण’ करत काउंटरवर येऊन उभे राहतात! माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच वस्तूभोवती साचलेत. ती वस्तू म्हणजे एक प्लॅस्टिकचं स्टेअरिंग.

माझं दुकान कोपरगावला, एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत. सुरुवात रेडिओ दुरुस्तीची. मग टेपरेकॉर्डर आले, मग एसटीडीची काचेची केबिन आली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी मागच्या बाजूला फळ्यांचं पार्टिशन टाकून दोन कॉम्प्युटर बसवले. व्हिडिओ गेम पार्लर! शिक्षण म्हणाल तर नववी. पण खोक्यावर छापलेलं इंग्रजी मी कधी वाया जाऊ दिलं नाही. जे कळत नाही ते या गिऱ्हाइकाला विचारायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचं, हीच माझी शाळा.

मुंबईहून माल आणताना तिथल्या व्यापाऱ्याने ते स्टेअरिंग माझ्या गळ्यात मारलं. टेबलाला शिकंजा लावून घट्ट करायचं, वायर कॉम्प्युटरला जोडायची, खाली दोन पायपट्ट्या, एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक. पडद्यावर गाड्यांची शर्यत. शेजारचा चहावाला पहिल्या दिवशी बघायला आला, खाली वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाला,

“शेठ, चाक आलं. गाडी मागनं येनार हाय का?”

* * *

पहिलं गिऱ्हाईक होता उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. दोन ट्रेलर भरून ऊस ओढणारा गडी. मनगटं बघूनच मी म्हटलं, “दादा, हळू हं. नाजूक वस्तू आहे.”

“नाजूक तर नाजूक,” म्हणून तो बसला. शर्यत सुरू झाली. पहिलंच वळण डावीकडचं. त्याने ट्रॅक्टर वळवतात तसं खांद्यातून जोर काढून चाक ओढलं!

गाडी वळली की नाही ते कुणी पाहिलंच नाही, कारण टेबल वळलं. कॉम्प्युटरसकट! मी मॉनिटर छातीशी धरला, चहावाल्याने की-बोर्ड झेलला, आणि तो गडी चाक हातात धरून शांतपणे म्हणाला,

“टर्निंग चांगलं हाय. पर शेठ, टेबलाला ब्रेक न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर कडप्पा टाकून घेतला आणि पाय जमिनीत सिमेंटने पक्के केले. पुढे दुकानात सगळं हललं, ते टेबल हललं नाही.

* * *

आता मुख्य माणसं सांगतो. म्हणजे पुढे घोटाळा नको.

आमच्या भागात एक दूध संस्था होती. नाव सांगत नाही, चेअरमनसाहेब अजून ओळख ठेवून आहेत. संस्थेची एक जुनी जीप होती आणि जीपवर रंगनाथ तात्या. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, वरच्या खिशात जीपची किल्ली, तीही दोऱ्याने बटणाला बांधलेली. साहेब तहसीलला किंवा बँकेत मीटिंगला गेले की तात्या जीप माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली लावायचे. ड्रायव्हरचं अर्धं आयुष्य गाडी चालवण्यात जातं आणि अर्धं थांबण्यात. तात्यांचं थांबणं माझ्या बाकावर.

दुसरा संदीप. संस्थेच्या दुधाच्या व्हॅनवर ड्रायव्हर, एका संचालकाचा पुतण्या. वय पंचविशीच्या आतलं, केसांना तेल नाही, पाण्याचा हात. त्याची व्हॅनसुद्धा दुपारी त्याच लिंबाखाली लागायची, पण ती मीटिंगमुळे नव्हे. ती ड्युटीतून पळवून. पार्लरमध्ये पहिला नंबर त्याचाच. पडद्यावर सगळ्यात वर त्याचं नाव!

आणि चेअरमनसाहेब. माणूस कष्टाळू, दिलदार. फक्त एक खोड. न समजलेला शब्द कानावर पडला की अर्थ विचारायचा नाही. मान हलवायची, म्हणायचं, “बरोबर आहे, ते पाहिजेच,” आणि पुढच्या सभेत तोच शब्द स्वतः वापरायचा. एकदा मी त्यांच्या कार्यालयाचा माईक दुरुस्त करताना बोलून गेलो, “साहेब, इको येतोय.” पुढच्या वार्षिक सभेत साहेब व्यासपीठावरून म्हणाले, “यंदा दुधाला चांगला इको आलेला आहे!” सभासदांनी टाळ्या वाजवल्या.

* * *

हे स्टेअरिंग नुसतं जोडून चालत नाही, हे मला खोक्यातल्या पुस्तकावरून कळलं. आधी मशीनला समजावून द्यावं लागतं की डावीकडचं टोक कुठं, उजवीकडचं कुठं आणि मध्य कुठला. पडद्यावर सूचना येते. चाक पूर्ण डावीकडे न्या, पूर्ण उजवीकडे न्या, मध्ये सोडून द्या आणि बटण दाबा. या सगळ्याला नाव कॅलिब्रेशन.

तात्या एक दिवस सहज बसले. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. “आता मध्ये सोडा,” मी म्हणालो. त्यांनी चाक मध्ये आणलं, धरलं, आणि दाबलं बटण. मी काउंटरवर होतो, पाहिलं नाही.

पाठोपाठ संदीप बसला. शर्यत सुरू झाली आणि त्याची गाडी सरळ रस्त्यावरून आपण होऊन डावीकडे जाऊन भिंतीवर! पुन्हा सुरू केली. पुन्हा भिंतीवर. चॅम्पियन माणूस, चार लोकांसमोर!

“शेठ, मशीन बिघडलं!”

मी येऊन बघितलं. मशीन चांगलं होतं. मी तात्यांना म्हणालो, “तात्या, मध्य दाखवताना चाक कुठं धरलं होतं?”

तात्यांनी हात लावून दाखवलं. मध्यापासून दोन बोटं उजवीकडे!

“हा मध्य?”

“मंग? सरळ जायाला चाक हितंच धरावं लागतं. न्हाई तर गाडी डावीकडं वढती.”

संस्थेची जीप वर्षानुवर्षं डावीकडे ओढायची. तात्यांच्या हाताने ते गणित कधीच करून टाकलं होतं. ‘सरळ’ म्हणजे दोन बोटं उजवीकडे. आणि आता त्यांनी जीपचा आजार माझ्या मशीनला लावून दिला होता!

संदीप म्हणाला, “तात्या, तुमची जीप भंगारात घाला आता.”

“घालतील की,” तात्या म्हणाले. “जीप घालतील अन् वर मला ठेवतील.”

तेव्हा मला ते बोलणं थट्टेचं वाटलं.

* * *

थट्टा नव्हती. दोनच दिवसांनी तात्या आले, बाकावर बसले, चहा सांगितला तर नको म्हणाले. तात्यांनी चहा नाकारला म्हणजे घरात काहीतरी झालंय, असा माझा समज.

“शेठ, संस्थेत नवी गाडी येतीया. पावर स्टेअरिंगची.”

“मग चांगलंय की!”

“कसलं चांगलं? संचालक म्हनत्यात, तात्याच्या हाताला जीपची सवय, त्याला ही गाडी झेपायची न्हाई. संदीपला द्या. साहेब म्हनले, दोघांची बी ट्रायल घिऊ. गाडी आल्यावर.”

“आणि ट्रायलमध्ये…”

“न्हाई जमलं तर जीप बी संदीपच चालवील, अडीनडीला. मला गेटवर बसवनार. वॉचमन.” तात्यांनी खिशातल्या किल्लीचा दोरा चाचपला. “समद्या तालुक्यात साहेबाला मी हिंडवलं. आता गेटवर बसून त्या पोराच्या गाडीला सलाम मारायचा व्हय, शेठ?”

मी विचारलं, “पण तुम्हाला का जमू नये? स्टेअरिंग ते स्टेअरिंग.”

तर तात्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. नाशिकला साहेब गाडी पसंत करायला गेले, तेव्हा शोरूमवाल्याने तात्यांना पटांगणात एक चक्कर मारायला दिली. आता जीपच्या स्टेअरिंगमध्ये वीतभर मोकळं फिरणं. वीतभर चाक फिरवलं तरी टायरला खबर नाही! मेकॅनिक लोक त्याला ‘प्ले’ म्हणतात. तात्यांनी सवयीने वीतभर फिरवलं, आणि नवी गाडी वीतभराचा हिशेब लावून फुलझाडांच्या कुंड्यांत!

“लोन्यात हात घातल्यागत झालं बगा. एवढं हलकं. जोर लावावा तर कुटं लावावा?” मग पार्टिशनकडे बघून म्हणाले, “तुमचं ते चाक बी तसंच हलकं हाय. त्याच्यावर हात बसवून द्या माझा. पर संदीपला काय बोलू नका.”

मी व्यापारी माणूस. गिऱ्हाइकाची गरज कळली की डोकं आपोआप चालायला लागतं. म्हटलं, “तात्या, बसवू!”

* * *

पण बसवणार कसं? तात्या चाक एकसारखं हलवत राहायचे. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, दळण दळल्यासारखं. पडद्यावरची गाडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी घरी निघालेल्या माणसासारखी झुलायची.

“तात्या, स्थिर धरा की!”

“स्थिर धरली की जीप चारीत जाती!”

“ही जीप नाही.”

“ते मला ठावं हाय. हाताला सांगा!”

मी सेटिंगमध्ये शिरलो. शोधता शोधता एक पट्टी सापडली, ‘डेड झोन’. ती सरकवली की मध्याजवळ चाक कितीही हलवा, गाडीला काही कळत नाही. अगदी जीपसारखं! मी आनंदाने ओरडलो, “तात्या, सापडलं! डेड झोन वाढवतो.”

तात्या पायपट्टीवरून पाय काढून उभेच राहिले. “डेड म्हंजी मेलेलं ना? शेठ, गाडीत बसताना असलं नाव घिऊ ने. मी न्हाई बसत.”

त्याच वेळी केबिनमध्ये फोन करून गायकवाड मॅडम बाहेर आल्या. मॅडम पंचायत समितीत अधिकारी. वडील त्यांचे गवंडी, पण लेकीला नगरला ठेवून पदवीपर्यंत शिकवलेलं. ऑफिसचा फोन कायम बंद, म्हणून त्यांचे सगळे फोन माझ्याकडून. बोलणं तोलून, पण एक शब्द असा टाकतील की समोरचा दिवसभर चघळत बसेल. माझ्या अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीचा दवाखाना म्हणजे मॅडम. मी त्यांना पट्टी दाखवली.

मॅडमनी चाक थोडं हलवून बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि तात्यांना म्हणाल्या,

“तात्या, तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराबा आहे?”

“हाय की. ओढ्याच्या कडंचा. अर्धा एकर.”

“म्हणजे जमीन तुमचीच, मोजणीत येते, पण पीक येत नाही. बरोबर? मग हा स्टेअरिंगचा पोटखराबा. चाक फिरतं, मोजणीत येतं, पण गाडीला वळण येत नाही.”

तात्या पुन्हा बसले. “असं सरळ बोला की मंग! शेठ, घाला पोटखराबा.”

त्या दिवसापासून आमच्याकडे ‘डेड झोन’ हा शब्द गेला तो गेलाच. शाळेतली पोरंसुद्धा येऊन विचारायची, “काका, आज पोटखराबा किती ठेवलाय?”

* * *

मी काय केलं, पहिल्या दिवशी पोटखराबा जीपएवढा ठेवला. तात्या खूश. “आता कशी गाडी वाटती!” मग रोज गुपचूप पट्टी केसभर मागे. चहातली साखर सोडायची असेल तर एकदम सोडवत नाही. चमचा जरा जरा कमी भरावा लागतो आणि पिणाऱ्याला सांगायचं नसतं.

मधूनच तात्यांना शंका यायची.

“शेठ, आज गाडी जरा जागी वाटती.”

“थंडीमुळं असेल.”

एप्रिल चालू होता.

* * *

शर्यत म्हणजे काय हे मात्र तात्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने. मागून कुणी आलं की त्याला साइड. वळण आलं की ब्रेक. आणि उजवं वळण आलं की उजवा हात बाहेर काढून सिग्नल! तो हात जायचा थेट शेजारच्या एसटीडीच्या केबिनच्या काचेवर. आत एक व्यापारी सोनईला कांद्याचा भाव विचारत होते. काचेवर थाप पडली की ते घाईने म्हणायचे, “ठेवतो, ठेवतो, मागं नंबर आहेत!” तीन वेळा भाव अर्धा ऐकून फोन ठेवला बिचाऱ्यांनी!

एकदा सगळ्या गाड्या पोचल्या, पडदा बंद व्हायची वेळ आली, तरी तात्या येतच होते. आले एकदाचे. संदीप मागे उभा होता. तो हसून म्हणाला, “तात्या, शेवटचा नंबर!”

तात्या घाम पुसत म्हणाले, “पोचलो का न्हाई? तुझी गाडी मघाशी दोनदा पेटली. तिच्यात साहेब असते तर घरी काय सांगितलं असतंस? फस्ट आलो म्हनून?”

* * *

संदीपचं सेटिंग उलट्या टोकाचं. पोटखराबा शून्य आणि सेन्सिटिव्हिटी शेवटच्या घरात. नखाचा धक्का लागला तरी गाडी वळावी, असा त्याचा हट्ट. हात होताच तसा चपळ, खोटं कशाला बोलू! पण स्वतः सेटिंग करायचा मात्र कंटाळा. आला की खुर्चीवर बसून मागे वळून म्हणायचा, “शेठ, माझं लावून द्या.” कॅलिब्रेशनही मीच करायचं. साहेबच तो!

एकदा त्याचं झाल्यावर गायकवाड मॅडम गंमत म्हणून बसल्या. फोन लागत नव्हता, वेळ होता. गाडी सुरू केली आणि त्यांना शिंक आली. एकच! गाडीने जागच्या जागी पूर्ण वळसा घेतला आणि तोंड उलट्या दिशेला. समोरून बाकीच्या सगळ्या गाड्या अंगावर!

“मॅडम, उलट्या चाललात!” संदीप ओरडला. “रेस तिकडं आहे!”

मॅडमनी रुमालाने नाक पुसलं. “जाऊ दे. माझं ऑफिस इकडंच आहे.”

* * *

तात्यांनी मात्र कॅलिब्रेशन पाठ केलं होतं. देवाला हात जोडावेत तितक्या नेमाने. मी दुसऱ्या कामात असलो तरी पार्टिशनमागून आवाज यायचा, “डावीकडं पुरतं… उजवीकडं पुरतं… मधी सोडायचं… अन् बटन.”

फक्त ‘मध्ये सोडायचं’ इथं त्यांची गाडी अडायची. सोडायचेच नाहीत. दोन बोटांवरून एका बोटावर आले, एका बोटावरून नखावर आले, पण धरूनच. मी म्हणायचो, “तात्या, सोडा. हात काढा.” ते म्हणायचे, “चालत्या गाडीचं चाक सोडत्यात व्हय?” मी म्हणायचो, “अजून चालू कुठं झालीय?” तर म्हणायचे, “सवय चालू हाय.”

आणि एके दुपारी सोडलं. का सोडलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक. दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. आत स्प्रिंग असते, चाक आपसूक फिरलं आणि बरोबर मध्यावर येऊन उभं राहिलं.

तात्या बघत बसले. पुन्हा फिरवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा मध्ये.

“हे आपलं आपन सरळ हुतंय की, शेठ.”

“हो. चांगल्या गाडीचं होतं तसं.”

तात्यांनी चाक आणखी एकदा फिरवून सोडलं. मग म्हणाले, “म्हंजी जीप मला न्हेत नव्हती. मीच जीपला न्हेत हुतो, एवढी वर्सं.”

त्या दिवशी मी पट्टी शेवटची सरकवली. पोटखराबा शून्य. तात्यांनी पूर्ण फेरी मारली. हात हलला नाही. मी त्यांना सांगितलंही नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. निघताना चहा मात्र स्वतःहून सांगितला, दोन कप.

* * *

ट्रायलच्या दिवशी मी तिथं हजर होतो, कारण नव्या गाडीत टेप बसवायचं काम माझ्याकडे होतं. पांढरीशुभ्र गाडी, पुढच्या काचेवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक, सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. साहेब मागे बसले. मी पुढच्या सीटवर स्पीकरची वायर हातात घेऊन. एक संचालक, म्हणजे संदीपचे काका, संस्थेच्या कार्यालयाच्या पायरीवर उभे. संदीप गॉगल लावून व्हॅनला टेकून.

“चला तात्या,” साहेब म्हणाले.

तात्यांनी टोपी नीट केली. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. आणि मला पुढे काय होणार ते एकदम कळलं, पण काही करता येईना!

तात्यांनी स्टेअरिंग पूर्ण डावीकडे नेलं. मग पूर्ण उजवीकडे नेलं. मग मध्ये आणून दोन्ही हात सोडले, मांडीवर ठेवले. चाक स्थिर झाल्याची खात्री केली. आणि बटण दाबलं.

स्टेअरिंगवर बटण एकच असतं. हॉर्न असा वाजला की पायरीवरचे संचालक दोन पायऱ्या वर गेले!

“हे काय तात्या?” साहेब म्हणाले.

तात्या समोर बघत शांतपणे म्हणाले, “क्यालीबरेशन, साहेब. गाडीला आपला हात समजावून द्यावा लागतोय.”

मी वायरीकडे बघत राहिलो. मग साहेब म्हणाले, “बरोबर आहे. ते पाहिजेच.”

गाडी निघाली. गावातून बाहेर, गोदावरीच्या पुलावर. पुलावर समोरून कडब्याने भरलेल्या बैलगाड्या, मागून एसटी हॉर्न देतेय. तात्यांचे हात चाकावर नुसते ठेवलेले. दळण नाही, झुलणं नाही. कडब्याला आरसासुद्धा घासला नाही. पूल संपल्यावर मी मागे बघितलं. ज्यांच्यासाठी ट्रायल चालली होती ते साहेब मान मागे टाकून घोरत होते! जीपमध्ये एवढ्या वर्षांत त्यांना कधी डुलकी लागली नव्हती. लागणार कशी, आदळून आदळून?

संस्थेच्या आवारात येऊन तात्यांनी गाडी लावली, साहेबांना हळूच उठवलं, किल्ली काढून संदीपच्या हातात दिली आणि आवारातल्या झाडाखाली जाऊन उभे राहिले.

संदीप झोकात बसला. गॉगल डोक्यावर, किल्ली फिरवली, गिअर टाकला…

“थांब!” मागून साहेब.

संदीपने ब्रेक दाबला.

“कॅलिब्रेशन?”

संदीपने आरशात साहेबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वायरीचं टोक सोलत होतो. फार बारीक काम असतं ते.

“काय साहेब?”

“कॅलिब्रेशन केलं नाहीस.”

“साहेब, ते… ते गाडीत नसतं.”

“मग कशात असतं?”

संदीपने डोक्यावरचा गॉगल काढून खिशात घातला. मला त्याची खरोखर दया आली. गेममध्ये असतं म्हणावं, तर गेम कुठं, कधी, आणि दुधाची व्हॅन तेव्हा कुठं, हे सगळंच बाहेर पडणार, आणि समोर पायरीवर काका! त्याने झाडाखालच्या तात्यांकडे बघितलं. तात्या मान वर करून आभाळ बघत होते. आभाळात काहीही नव्हतं.

“सांग की. कशात असतं?”

“…माहीत नाही, साहेब.”

साहेब दार उघडून खाली उतरले. संचालकांना म्हणाले, “अहो, ज्या पोराला कॅलिब्रेशन माहीत नाही त्याच्या हातात नवी कोरी गाडी द्यायची? तात्या, या इकडं. आणि संदीप, तू तूर्त जीप घे. आधी जुन्या गाडीवर हात बसव.”

त्यानंतर आठवडाभर संदीप दुकानात फिरकला नाही. मग एके दुपारी दुकानासमोरच्या लिंबाखाली जीप येऊन उभी राहिली, तीही तिरकी, चाक गटारीच्या कडेला. संदीप आत आला. दोन्ही मनगटांना क्रेप बँडेज. मशीनसमोर बसला. ‘माझं लावून द्या’ म्हणाला नाही. स्वतःच चाक डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, मध्ये आणलं, आणि बटण दाबताना चाक हलकेच दोन बोटं उजवीकडे धरलं.

मग मागे न बघता म्हणाला, “शेठ, तुमच्या मशीनमध्ये पोटखराबा जास्तीत जास्त किती होतो?”

“किती पाहिजे?”

त्याने बँडेजमधला पंजा ताणून मला वीत दाखवली.